अवकाशातलं बांधकाम आणि बायकांचे हात

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या सत्रासमोर 'अवकाशातली बांधकामं आणि रोबो' असं लिहिलेलं वाचून जेवताना बरीच चेष्टा झाली. 'आमच्या वस्तीत नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, आणि या बाई आम्हाला आकाशात घर बांधायला सांगणार,' असं एकजण म्हणाली. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. म्हणून सुरुवातीलाच सांगते, की अवकाशाचं कौतुक करायला मी इथे उभी नाही. मी एका तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षं यंत्र अभियांत्रिकी शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं कामगार बायकांच्या अभ्यासगटातही जात राहिले. दोन्हीकडे मला एकच प्रश्न भेटत राहिला. एखादं काम कौशल्याचं आहे की नाही, हे कोण ठरवतं? बाईचे हात ते करत असले की ते काम हलकं का मानलं जातं, आणि तेच काम यंत्र करू लागलं की त्याला एकदम तंत्रज्ञान का म्हणतात?

अवकाशातल्या बांधकामात हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो. तिथे माणसं मोजकी, कामं मोजकी आणि जवळपास प्रत्येक कामाची नोंद ठेवलेली. आपल्या कारखान्यांत, शेतांत आणि घरांत जे धुरकट दिसतं, ते तिथे उजेडात पाहता येतं. म्हणून हा विषय निवडला.

आधी हे बांधकाम म्हणजे काय, ते थोडक्यात बघू.

कुठलीही वस्तू अवकाशात न्यायची तर ती अग्निबाणाच्या टोपणात मावावी लागते. हे टोपण साधारण चार-पाच मीटर रुंद. त्यापेक्षा मोठं काही न्यायचं असेल तर दोनच वाटा : घडी घालून न्यायचं आणि वर उलगडायचं, किंवा तुकडे न्यायचे आणि वर जोडायचे. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब ही दुर्बीण सोडली, ती पहिल्या वाटेने. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, अठरा तुकड्यांचा. तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरांची छत्री. हे सगळं घड्या घालून पाठवलं. या कामात ३४४ जागा अशा होत्या, की त्यातली एक जरी बिघडली तरी सगळा खटाटोप वाया जाण्याचा धोका. सुदैवाने सगळं नीट उलगडलं. पण यापेक्षा मोठी घडी घालणं फारच अवघड. म्हणून दुसरी वाट, म्हणजे वर जाऊन जोडण्याची, महत्त्वाची ठरते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक असंच जोडून झालं. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्याचा पहिला भाग वर गेला, आणि पुढची अनेक वर्षं एकेक भाग नेऊन जोडत गेले. आज ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर आहे आणि जमिनीवर त्याचं वजन सुमारे ४२० टन भरेल.

आता हे जोडणार कोण? पहिलं उत्तर माणसाचे हात. पण त्या हातांची अवस्था ऐका. यानाबाहेर पडायचं तर हवा भरलेला पोषाख घालावा लागतो. आत हवा आणि बाहेर पोकळी, त्यामुळे हातमोजा फुगलेल्या फुग्यासारखा ताठ होतो. प्रत्येक वेळी मूठ मिटायची म्हणजे त्या ताठपणाशी झगडायचं. असं सहा-सात तास. बोटं सोलवटतात, नखं दुखावतात, कधी निखळतातही. पृथ्वीला एक फेरी साधारण दीड तासात होते, म्हणजे पाऊण तास ऊन आणि पाऊण तास अंधार. उन्हात वस्तू भाजतील इतक्या तापतात, सावलीत शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे थंड होतात. वजन जाणवत नाही हे खरं, पण वस्तूचा जडपणा जात नाही. दहा टनांचा तुकडा एकदा सरकू लागला की तो थांबवणं सोपं नसतं. हे सगळं ऐकून सहज वाटेल की हे काम पुरुषी ताकदीचं.

मग एक नाव ऐका : स्वेतलाना सवित्स्काया. सोव्हिएत रशियाची वैमानिक, विमानाच्या कसरतींतली जागतिक विजेती. १९८२ साली ती सॅल्यूत-७ या स्थानकावर पोचली, तेव्हा तिथल्या पुरुष सहकाऱ्याने तिचं स्वागत कसं केलं? तुझ्यासाठी ॲप्रन काढून ठेवलाय आणि स्वयंपाकघर तुझी वाट बघतंय, असं म्हणून! तुम्ही हसताय, पण जमिनीपासून काही शे किलोमीटर वर जाऊनही बाईच्या मागचं स्वयंपाकघर सुटलं नाही. दोन वर्षांनी, २५ जुलै १९८४ रोजी, हीच बाई यानाबाहेर पडली. असं बाहेर पडणारी जगातली पहिली स्त्री. तिथे तिने काय केलं? कीव्हच्या वेल्डिंग संस्थेत तयार झालेलं एक हत्यार हातात धरून तिने धातूचे नमुने कापले, जोडले, डाख दिला. साडेतीन तासांहून जास्त वेळ ती बाहेर होती. मोकळ्या अवकाशात हातात हत्यार धरून वेल्डिंग करणारी पहिली व्यक्ती बाई होती. तिचा पुरुष सहकारी तिच्यानंतर ते करायला पुढे झाला. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आजही वेल्डरच्या वर्गात किती मुली दिसतात, हे ज्यांच्या गावात अशी संस्था आहे त्यांनी आठवून बघावं.

आता यांत्रिक हाताकडे वळू. अमेरिकेच्या स्पेस शटलला कॅनडात बनलेला पंधरा मीटर लांबीचा एक यांत्रिक हात असायचा. त्याला खांदा, कोपर, मनगट. जमिनीवर तो स्वतःचं वजनही उचलू शकत नसे, इतका सडपातळ. वर मात्र टनावारी वजनाच्या वस्तू तो हलवायचा. यानात बसलेली व्यक्ती दोन दांडे धरून तो चालवायची : एका दांड्याने पुढे-मागे, वर-खाली, दुसऱ्याने वळणं. नजर खिडकीबाहेर आणि कॅमेऱ्याच्या पडद्यांवर. घाई केली की वस्तू झोके घेऊ लागते.

या हातावर कोण बसलं ते बघा. १९८३ साली सॅली राइडने या हाताने एक उपग्रह बाहेर सोडला आणि परत पकडला. असा उपग्रह पकडून आणण्याची ती पहिलीच वेळ. उड्डाणापूर्वी पत्रकारांनी तिला विचारलं होतं, काम बिघडलं की तुम्ही रडता का? १९८५ साली अवकाशात उंच सांगाडा कसा जोडता येईल याचा प्रयोग झाला. दोन पुरुष बाहेर कांब्या आणि गाठी जोडत होते. आत यांत्रिक हातावर मेरी क्लीव्ह होती. डिसेंबर १९९८ मध्ये अवकाश स्थानकाचे पहिले दोन भाग एकमेकांना भिडवायचे होते. एक रशियात बनलेला, सुमारे एकोणीस टनांचा, आधीच वर फिरत असलेला. दुसरा अमेरिकेचा, शटलने नेलेला. भिडवण्याची जागा खिडकीतून थेट दिसत नव्हती. सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेल्या नॅन्सी करी हिने कॅमेऱ्यांच्या आणि संगणकाच्या आधाराने तो पहिला भाग पकडला आणि जोडला. आज स्थानक म्हणून जे फिरतंय, त्याचा पहिला सांधा एका बाईने बसवला. २००१ साली स्थानकालाच स्वतःचा, साडेसतरा मीटरहून लांब असा नवा हात मिळाला. सुझन हेल्म्सने तो चालवून 'क्वेस्ट' हा भाग जागेवर बसवला. क्वेस्ट म्हणजे बाहेर पडायची देवडी. पोषाख चढवून याच दारातून अंतराळवीर बाहेर जातात.

इतक्या बायका या हातावर कशा दिसतात? काहीजण म्हणतील, बायका सबुरीच्या, नाजूक काम त्यांना जमतं. हे उत्तर आपण मुळीच मानू नये. खरं कारण भरतीच्या नियमांत आहे. अमेरिकेत यानाच्या वैमानिकाच्या जागेसाठी जेट विमानं चालवल्याचा मोठा अनुभव लागायचा. तो मिळण्याची मुख्य जागा म्हणजे सैन्य, आणि तिथे लढाऊ विमानं बायकांना १९९३ पर्यंत बंद होती. त्यामुळे १९७८ साली पस्तीस जणांच्या तुकडीत पहिल्यांदा सहा बायका घेतल्या, त्या सगळ्या तज्ज्ञ म्हणून, वैमानिक म्हणून एकही नाही. यांत्रिक हात चालवणं हे तज्ज्ञांच्या वाट्याचं काम होतं. शटलच्या वैमानिकाच्या जागी पहिली बाई, आयलीन कॉलिन्स, बसली १९९५ मध्ये. दार एका बाजूला बंद होतं म्हणून बायका दुसऱ्या दाराने आल्या, आणि मिळालेलं काम त्यांनी उत्तम केलं. 'बायकांना हेच जमतं' असं नंतर कुणी म्हणालं, तर त्यांना आधी बंद दाराची तारीख विचारावी.

आता मापाची गोष्ट. यानाबाहेर घालायच्या अमेरिकी पोषाखाचा छातीचा भाग कडक असतो, तो अंगाबरोबर लहान-मोठा होत नाही. सुरुवातीला अनेक मापं ठरली होती. सगळ्यात लहान माप कधी बनलंच नाही, आणि लहान माप १९९० च्या दशकात खर्चाचं कारण देऊन बंद झालं. मोठी मापं राहिली. याचा परिणाम बघा. मार्च २०१९ मध्ये ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कॉक या दोघी मिळून बाहेर जाणार होत्या. फक्त बायकांची ती पहिलीच जोडी. जगभर बातमी झाली. पण दोघींना मध्यम माप लागणार होतं, आणि वापरायला तयार असलेला मध्यम भाग एकच होता. मॅक्लेनच्या जागी पुरुष सहकारी गेला. शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉक आणि जेसिका मिअर बाहेर पडल्या आणि सात तासांहून जास्त वेळ काम करून त्यांनी बिघडलेला वीजपुरवठ्याचा भाग बदलला. ज्या दारातून त्या गेल्या, ते दार अठरा वर्षांपूर्वी एका बाईनेच बसवलं होतं. दार बसवणारी बाई चालते, पण त्या दारातून बाहेर जायला तिच्या मापाचा पोषाख नसतो. कारखान्यातल्या बाईला पुरुषाच्या मापाचे बूट आणि हातमोजे दिले जातात आणि मग 'तुमचा कामाचा वेग कमी' म्हणतात, तो हाच प्रकार.

आता दोषाची गोष्ट. कल्पना चावला आपल्याला ठाऊक आहे ती पोस्टरवरची, हसरी. कर्नालची मुलगी, १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेली. तिचं पहिलं उड्डाण मात्र फारसं कुणी आठवत नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये यांत्रिक हाताने स्पार्टन नावाचा उपग्रह बाहेर सोडण्याचं काम तिच्याकडे होतं. उपग्रह सुटला, पण ठरल्याप्रमाणे तो स्वतःभोवती वळला नाही. तिने त्याला पुन्हा पकडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो गिरक्या घेऊ लागला. तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी बाहेर जाऊन तो दोन्ही हातांनी धरला. यांत्रिक हाताला जमलं नाही ते चार मानवी हातांनी केलं.

दांडा शेवटी कल्पनाच्या हातात होता, त्यामुळे पहिलं बोट तिच्याकडे वळलं. चौकशी सुमारे पाच महिने चालली. त्यात दिसलं ते असं, की संगणकाच्या आज्ञावलीची मांडणी आणि यानातल्या व जमिनीवरच्या लोकांसाठी ठरवलेली कार्यपद्धती यांतच त्रुटी होत्या. कल्पनावरचा ठपका दूर झाला आणि तिची पुढे पुन्हा निवड झाली. तिच्यामागे मोठी संस्था होती, कामाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद होती, म्हणून खरं काय ते बाहेर आलं. आपल्या प्रेस-शॉपमध्ये बाईचं बोट कापलं गेलं की 'तिचं लक्ष नव्हतं' एवढीच नोंद होते. यंत्राचा अडसर कुणी काढून ठेवला होता, ते कागदावर येतच नाही. यंत्र जितकं गुंतागुंतीचं, तितकं शेवटच्या हाताला दोष देणं सोपं. म्हणून अपघात झाला की यंत्राची, पद्धतीची आणि हुकूम देणाऱ्यांची चौकशी मागायची, ही सवय आपण लावून घेतली पाहिजे.

इथवर वर गेलेल्या बायकांबद्दल बोलले. आता जमिनीवर राहिलेल्या हातांबद्दल.

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातला कार्यक्रम अक्षरशः विणलेला होता. तांब्याची तार बारीक चुंबकी कड्यातून ओवली की एक, कड्याबाहेरून नेली की शून्य. अशा हजारो ओवण्या. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावच्या कारखान्यात हे काम बायका करत. त्यातल्या काही कापड गिरण्यांत, काही घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या. त्यांच्यासमोर एक यंत्र असायचं. छिद्रं पाडलेल्या फितीनुसार ते यंत्र नेमकं कडं सुईसमोर आणून ठेवायचं, आणि बाई त्यातून तार ओवायची. मी विद्यार्थ्यांना सांगायची, की माणूस आणि यंत्र मिळून करायच्या जोडणीचं हे फार चांगलं उदाहरण आहे. आणि अभियंत्यांनी या पद्धतीला काय नाव दिलं होतं? 'म्हाताऱ्या बायांची पद्धत.' एक ओवणी चुकली तर कार्यक्रम चुकणार, तरी नाव हे.

अपोलोचे पोषाख डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी शिवले गेले. बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेला तो कारखाना. एकावर एक वीस-एकवीस थर, आणि टाका एका मिलिमीटरपेक्षाही कमी चुकीने पडला पाहिजे. शिवणाऱ्या बायका. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याचं नाव पाठ आहे, त्याच्या पायाभोवती हवा धरून ठेवणाऱ्या शिवणीचं नाव विचारलं तर वर्गात कुणी हात वर करत नाही.

त्याच काळात, १९६५ पासून, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक इथे नाव्हाहो आदिवासींच्या भूमीवर फेअरचाइल्ड कंपनीचा कारखाना चालत होता. तिथे चिपा जोडणाऱ्या बहुसंख्य नाव्हाहो बायका होत्या. कंपनीने १९६९ साली एक पुस्तिका छापली. तिच्यात नाव्हाहो सतरंजीची नक्षी आणि चिपेची नक्षी यांचं साम्य दाखवलं होतं. मतितार्थ असा, की या बायकांच्या बोटांत हे उपजतच आहे. उपजत आहे म्हटलं की शिक्षणाचे, अनुभवाचे पैसे देण्याचा प्रश्नच उरत नाही. १९७५ साली आदिवासी चळवळीच्या लोकांनी कारखाना ताब्यात घेतला आणि त्यानंतर कंपनीने तो बंद केला.

हे ऐकताना मला पुण्याजवळचा एक कारखाना आठवतो. तिथे बायका छोट्या मोटरींच्या कॉइल गुंडाळायच्या. तार केसाएवढी, वेढे शेकड्यांनी, मोजणी मनात. तार किती ताणली की तुटते, हे त्यांना बोटांनी कळायचं. हजेरीपटावर त्यांची नोंद 'अकुशल'. पुढे वाइंडिंगचं यंत्र आलं. त्यावर एक मुलगा बसवला, त्याची नोंद 'कुशल'. यंत्राला जमत नव्हतं ते, म्हणजे टोकं सोलणं, बांधणं, डाख देणं, हे बायकांकडेच राहिलं, आणि त्यांची नोंदही तीच राहिली. आम्ही युनियनमध्ये विषय काढला तेव्हा उत्तर आलं, 'तो मशीन चालवतो, या नुसतं हाताने करतात.' १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला होता, पण तोही समान किंवा तशाच स्वरूपाच्या कामाची भाषा करत होता. कामाला नावच वेगळं दिलं की कायद्याला शिरायला फट राहत नाही.

आता आजच्या रोबोंकडे येऊ. माणसाला बाहेर न काढता यंत्रांनीच जोडणी करावी, असे प्रयत्न बरीच वर्षं चाललेत. जपानने १९९७ साली एक जोडउपग्रह सोडला. त्यांच्या पुराणकथेत ओरिहिमे ही विणकरीण आणि हिकोबोशी हा गुराखी, आकाशगंगेच्या दोन काठांना ताटातूट झालेले, वर्षातून एकदा भेटणारे. उपग्रहांना तीच नावं दिली. ७ जुलै १९९८ रोजी, त्यांच्या भेटीच्या सणाच्या दिवशी, दोन्ही उपग्रह माणसाविना एकमेकांना जोडले गेले. यांत्रिक हात कुणाला बसवला होता? हिकोबोशीला. पाठलाग करणारा तो, आणि जिला गाठायचं ती विणकरीण! विणणारीला हात नाहीत आणि गुराख्याला आहेत, ही नावं ठेवताना कुणाला खटकलं नसेल का, असं माझ्या मनात येतं.

२००८ साली अवकाश स्थानकावर डेक्स्टर नावाचा दोन हातांचा रोबो बसवला. तो बहुतेक वेळा जमिनीवरून, ह्यूस्टनमधून आणि कॅनडातल्या सेंट-ह्यूबर्टमधून चालवला जातो. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्थानकावरच्या त्रिमितीय मुद्रणयंत्राने पहिली वस्तू बनवली, ती त्या यंत्राचाच एक सुटा भाग होती. २०२४ मध्ये तिथे धातूची वस्तूही छापून झाली. पण सगळं सुरळीत चाललंय असं समजू नका. उपग्रहाने स्वतःसाठी दहा मीटरची तुळई कक्षेतच छापावी, असा अमेरिकेचा एक प्रकल्प होता. तो २०२३ मध्ये उड्डाणाशिवायच संपवला. रोबोंनी जुन्या उपग्रहात इंधन भरण्याचा आणि जोडणी करण्याचा दुसरा मोठा प्रकल्प २०२४ मध्ये रद्द केला. संपूर्णपणे रोबोंनी स्वतःच्या बळावर उभारलेलं मोठं बांधकाम अजून अवकाशात नाही.

आपल्याकडेही पावलं पडताहेत. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते कक्षेत जोडून दाखवले. त्याच अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यावर, तिरुअनंतपुरमच्या इस्रोच्या केंद्रात बनलेला एक यांत्रिक हात होता, अळीसारखा टोकं पालटत चालू शकेल असा. २०२८ पर्यंत भारताच्या स्वतःच्या स्थानकाचा पहिला भाग आणि २०३५ पर्यंत पूर्ण स्थानक, अशी सरकारची योजना आहे. म्हणजे अशा कामांसाठी माणसं लागणार, शिकवणारे लागणार, छोटे-मोठे भाग बनवणारे कारखाने लागणार.

यात आपल्यासाठी काय? एक चांगली शक्यता आहे. हात जमिनीवरून चालवायचा असेल तर पोषाखाचं माप आडवं येत नाही, स्नायूंची सबब चालत नाही. ज्याला कॅमेऱ्यातून अंदाज घेता येतो आणि धीराने दांडा धरता येतो, त्याचं हे काम. पण यंत्र आलं म्हणून बाई आपोआप आत येत नाही, हे कॉइलच्या कारखान्यात पाहिलं. यंत्राबरोबर काम नव्याने वाटलं जातं. त्या वाटणीच्या वेळी आपण हजर नसलो, तर बायकांच्या वाट्याला पुन्हा टोकं सोलणंच येतं. आणि पाण्याबद्दल जी मैत्रीण बोलली तिला मी म्हणेन, की हा पैसा तुझ्या-माझ्या करातून जातो. नळाचा हिशेब मागतेस, तसाच याचाही मागायचा हक्क तुला आहे. किती खर्च, हे विचारच. त्यातून कुणाला काम, हेही विचार.

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवते. पहिली : ज्या ज्या गटाच्या भागात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तिथे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स या वर्गांत किती मुली आहेत ते विचारून लिहून आणा. मुली नसतील तर वसतिगृह, बस, स्वच्छतागृह यांपैकी काय नाही, तेही लिहा. दुसरी : तुमच्या माहितीतल्या कारखान्यात नवं यंत्र आलं असेल, तर ते येण्याआधी ते काम कोण करत होतं आणि नंतर कुणाची नोंद 'कुशल' झाली, याची दोन रकान्यांची यादी करा. तिसरी : हातमोजे, बूट, गॉगल, बाकाची उंची, कुणाच्या मापाची आहे ते बघा. चौथी : अपघाताच्या नोंदी मिळवा आणि 'निष्काळजीपणा' असं किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा.

पुढच्या बैठकीला या याद्या घेऊन आलात, तर त्यांवरून कामगार खात्याकडे द्यायचं निवेदन आपण एकत्र बसून लिहू शकू. 'हाताने करतात' या दोन शब्दांत वॉल्थमच्या, डोव्हरच्या, शिपरॉकच्या आणि पुण्याजवळच्या बायकांचं कौशल्य कसं पुसलं गेलं, ते आज बघितलं. आपल्या निवेदनात तरी त्या कामाचं नाव नीट लिहिलेलं असेल, एवढं आपल्या हातात आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सकाळी ज्यांनी चेष्टा केली, त्यांनी आधी बोलावं.